रा. रा. ‘तुरळक’ यांस अनावृत पत्र

पवन मावळ,
आश्विन मास, चित्रा नक्षत्र चालू.

राजमान्य राजश्री तुरळक यांसी,
मुक्काम हवामानाचा अंदाज, विभाग मध्य महाराष्ट्र.

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपली आणि माझी समक्ष गाठ कधी पडलेली नसली, तरी अनंत चतुर्दशीपासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत अशी एक संध्याकाळ जात नाही की जिच्यात आपले नाव माझ्या कानी पडत नाही. आणि ज्या गृहस्थाचे नाव घरात इतक्या नेमाने घेतले जाते, त्याला पत्र लिहिण्यास परिचयाची आडकाठी असू नये. मी महसूल खात्यात चौतीस वर्षे लेखणी झिजवून अव्वल कारकून या हुद्द्यावरून निवृत्त झालेला मनुष्य आहे. काव्याशी माझा संबंध शाळेतच सुटला. परंतु परिपत्रके, फेरफार, पंचनामे आणि पैसेवारीचे तक्ते यांच्या सहवासात आयुष्य गेल्यामुळे कोणता शब्द कोणत्या कलमात कशासाठी बसविलेला असतो हे मला कळते, असा माझा समज होता. तो समज आपण गेल्या वर्षी स्वाती नक्षत्राच्या आरंभी एका दुपारी धुऊन नेलात, आणि जाता जाता तीन खाचरांतले भातही नेलेत. प्रस्तुत पत्र या दुहेरी नुकसानीबद्दल आहे.

प्रथमच खुलासा करतो की, माझी फिर्याद कोणत्याही कचेरीविरुद्ध, शास्त्रज्ञाविरुद्ध अथवा वाहिनीवर नकाशापुढे उभे राहून हातवारे करणाऱ्या मुलीविरुद्ध नाही. ती केवळ आपल्याविरुद्ध आहे. आपल्यासोबत नित्य वावरणाऱ्या श्रीमती ‘शक्यता’ यांनाही मी या प्रकरणातून वगळले आहे, कारण त्या कोणालाच कसलेही वचन देत नाहीत आणि म्हणून त्यांच्याकडून वचनभंगही होत नाही.

आता हकीकत. गेल्या वर्षी शनिवारी सायंकाळी मोबाइलवर मजकूर आला की, ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह जोरदार पावसाची शक्यता.’ इंद्रायणी भात पिकून पिवळे झाले होते, लोंब्या मानेत वाकल्या होत्या, आणि कापणीला बोलावलेल्या चार बायका सोमवारपासून दुसऱ्या शेतावर जाणार होत्या. मी चष्मा लावून मजकूर वाचला, ‘तुरळक’ हा शब्द पाहिला, आणि घरात जाहीर केले की उद्या येईल तो शिंतडा. कापणी करून घ्या. रविवारी दुपारी बारापर्यंत तिन्ही खाचरांतले भात कापून, कवळ्या ओळीने पसरून वाळत घातल्या होत्या. दोनच्या सुमारास पूर्वेकडे, देशाच्या बाजूला, कापसाच्या गाठीसारखा एक ढग उठला. तीन वाजता त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला. आणि साडेतीनला आपण आलात. पाऊण तास आपण आमच्या शिवारावर जे केलेत त्याला आमच्या भागात शिंतडा म्हणत नाहीत. खाचरात घोटाभर पाणी साचले, कवळ्या बांधापर्यंत वाहत गेल्या. त्यानंतर चार दिवस आभाळ दमट राहिले आणि पाचव्या दिवशी ओल्या लोंब्या हातात घेऊन पाहिल्या, तर एकेका दाण्याच्या टोकाला पांढरा, तांदळाच्या शेवईएवढा कोंब फुटलेला. गंमत अशी की, ओढ्यापलीकडच्या वाडीत त्या दिवशी अंगणातले पापडसुद्धा भिजले नाहीत.

जुना कारकून असल्यामुळे मी प्रथम कागद पुराव्यास काढला. आपला तो मजकूर, एखादा वादग्रस्त हुकूम वाचावा तसा, पुनःपुन्हा वाचला. आणि तिसऱ्या वाचनास माझ्या ध्यानात जी गोष्ट आली ती लिहिताना आजही संकोच वाटतो. ‘तुरळक’ हे विशेषण पावसाचे नव्हतेच! ते ‘ठिकाणी’ या शब्दाला चिकटलेले होते. पाऊस तुरळक पडेल असे कोणी म्हटलेच नव्हते. पाऊस जोरदार पडेल, मात्र तुरळक ठिकाणी पडेल, असे म्हटले होते. पुढे चौकशी करता कळले की, या शास्त्राच्या परिभाषेत एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी पाव हिश्शापर्यंत केंद्रांवर पाऊस होणार असला म्हणजे आपली नेमणूक होते. पाव ते अर्ध्या केंद्रांसाठी ‘काही ठिकाणी’, अर्ध्यापासून पाऊण हिश्शापर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’, आणि त्याहूनही वर ‘बहुतेक ठिकाणी’ हे आपले वरिष्ठ रुजू होतात. पावसाच्या जोराशी आपला काडीचा संबंध नाही. तो विषय निराळ्या खात्याचा, आणि तेथे सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर पाणी मापकात साचल्याखेरीज पावसाला ‘जोरदार’ ही बढती मिळत नाही. तात्पर्य, आपण हुकूम अचूक काढला होता. तो वाचणाऱ्या अव्वल कारकुनाने विशेषण चुकीच्या नामाला लावले. चौतीस वर्षांत हाताखालच्या किती उमेदवारांना मी याच चुकीबद्दल ताकीद दिली असेल, याची गणती नाही.

तथापि, फिर्याद मागे घेण्यापूर्वी आपल्या अधिकारक्षेत्राबद्दल दोन शब्द बोलणे भाग आहे. ‘मध्य महाराष्ट्र’ असे ज्याला आपण एका दमात म्हणता, त्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारे महाबळेश्वर येते आणि पाच-सहाशेंच्या घरात समाधान मानणारी सोलापूरकडची काळी रानेही येतात. त्यात आमची पवन, नाणे, आंदर ही मावळे येतात, जेथे श्रावणात छत्री वाळत नाही, आणि माणदेशही येतो, जेथे श्रावणात छत्री शोधावी लागते. इतक्या भिन्न प्रकृतीच्या दोन कुटुंबांना एकच वैद्य आणि एकच पुडी! आणि शरदात तर हा प्रकार अधिकच अवघड होतो. आषाढ-श्रावणात वारा पश्चिमेचा असतो. तो सह्याद्रीच्या भिंतीवर चढताना आपले ओझे आमच्या खोऱ्यांत उतरवितो आणि रिकाम्या हाताने देशावर जातो, हे शाळेतले पोरही सांगेल. परंतु परतीच्या दिवसांत वाऱ्याचे तोंड फिरते, बंगालच्या उपसागरावरची ओल पूर्वेकडून येऊ लागते, भिजलेली जमीन उन्हाने तापते, आणि दुपारनंतर देशावरच ढगांचे मनोरे उभे राहतात. म्हणून तिकडे सोलापूरला वर्षातला सर्वांत मोठा पाऊस सप्टेंबरात पडतो. आम्ही खोऱ्यातली माणसे तोवर पाण्याला विटून उन्हाची वाट पाहत असतो, आणि तिकडची माणसे उन्हाला विटून आपली. शिवाय हा मनोरा दोन-चार कोसांच्या घेराचा आणि एक-दोन तासांच्या आयुष्याचा. तो उद्या दुपारी कोणत्या वाडीवर फुटेल हे आदल्या संध्याकाळी गाव-शिवाराच्या तपशिलासह कोण सांगणार? ‘तुरळक’ म्हणणारा निदान इमानाने बोलतो, हे मला कबूल करावे लागते.

त्या इमानाचीही एक परंपरा आहे. हिमालयावरील बर्फावरून देशाच्या पावसाचा अदमास बांधण्याची रीत ब्लॅनफर्डसाहेबांनी 1886 साली दप्तरी आणली. पुढे 1904 ते 1924 पर्यंत वेधशाळांचा कारभार पाहणाऱ्या गिल्बर्ट वॉकर या केंब्रिजच्या गणितज्ञाने जगभरच्या हवेच्या दाबांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, आणि पॅसिफिक व हिंदी महासागर यांच्यावरचा दाब पाळण्यासारखा वरखाली होतो हे दाखवून त्याला दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. हे दप्तर 1928 साली सिमल्याहून पुण्यास हलले, तेव्हा शिवाजीनगरातल्या त्या इमारतीला पुणेकरांनी ‘सिमला ऑफिस’ म्हणण्यास आरंभ केला, आणि मुख्य कचेरी पुढे दिल्लीस गेली तरी नाव तसेच राहिले. पाळणा महासागराएवढा आणि खाचर गुंठ्याचे. या दोहोंमध्ये जो शब्द उभा राहील, त्याचे पाय थोडे डळमळणारच.

ऋतूच्या उरलेल्या वेळापत्रकाबद्दल आपल्याशी भांडण नाही. राजस्थानच्या टोकातून सप्टेंबरच्या मध्याला निघालेली मोसमी वाऱ्यांची परतीची स्वारी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत देशाबाहेर पडावी, असा शिरस्ता. तिच्यामागे आकाश निवळते, पण जमिनीतली ओल आणि वरचे ऊन मिळून माणसाला वाफवून काढतात, त्याला शहरात ऑक्टोबर हीट म्हणतात. मग दिवाळीच्या सुमारास रात्री डोंगरउतारावरची हवा निवून जड होते, पाण्यासारखी घरंगळत खाली येते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. म्हणून पहाटे टेकडीवरच्या देवळात उपरणे पुरते आणि खाली नदीकाठच्या आमच्या घरात दोन गोधड्या लागतात. सूर्य कासराभर वर येईपर्यंत तिकोन्याचा माथा तेवढा धुक्यावर तरंगत असतो. एवढ्या व्यवहारात आपण लुडबुड करीत नाही, याबद्दल आभार.

आता या पत्राचे खरे कारण. परवा मंगळवेढ्याहून माझ्या व्याह्यांचा फोन आला. तो गाव ज्वारीचे कोठार म्हणून प्रसिद्ध, आणि माझे व्याही मालदांडीखेरीज दुसऱ्या ज्वारीला ज्वारी समजत नाहीत. ते म्हणाले, “आण्णासाहेब, हस्त कोरडा गेला. बी घरात आहे, पाभर दारात आहे, पण रानाला वापसा येईल एवढी ओल नाही. तुम्ही कचेरीतले माणूस. पावसासाठी एक अर्ज चांगल्या भाषेत लिहून द्या की.” ते थट्टेने बोलले, पण माझ्याच्याने कोणाचा अर्ज नाकारवत नाही. मी लिहिला: ‘अर्जदार हा कोरडवाहू शेतकरी असून, आश्विन सरत आला तरी पेरणी खोळंबली आहे, सबब एक दमदार पाऊस मंजूर होऊन मिळावा.’ मग त्याच बैठकीत माझा स्वतःचा अर्ज लिहिला: ‘अर्जदाराचे भात दाण्यात भरले असून, कापणी जवळ आली आहे, सबब पाऊस तहकूब होऊन मिळावा.’ दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. अक्षर एकाच हाताचे, शाई एकाच दौतीतली, तालुक्यांची नावे तेवढी निराळी, आणि मागण्या एकमेकींचा गळा धरणाऱ्या. स्वाती बरसल्यास माणिकमोती पिकतात, ही म्हण ज्याने केली तो निश्चित व्याह्यांच्या गावचा असावा. आमच्या खोऱ्यातल्या माणसाला ती सुचली नसती. अशा दोन अर्जांवर एकच शेरा मारायचा झाला, तर मीसुद्धा, चौतीस वर्षांच्या अनुभवानंतर, दुसरा काय मारला असता? ‘तुरळक ठिकाणी मंजूर.’

तेव्हा फिर्याद मी काढून घेतो, आणि तिच्या जागी एक साधी विनंती दाखल करतो. आपली नेमणूक होईल त्या दिवशी मजकुरात एवढी फोड असावी: ‘पाऊस थोड्याच गावी पडेल, परंतु पडेल तेथे भरपूर पडेल.’ शब्द चार वाढतील, पण विशेषण कोणाचे यावरून कोणाचे भात वाहून जाणार नाही. उत्तराची तसदी घेऊ नये. लोभ असावा, पण बेताचा.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून

ता. क. पत्र पाकिटात घालीत असता मंगळवेढ्याहून पुन्हा फोन आला. काल संध्याकाळी आपण व्याह्यांच्या रानावर जाऊन आलात. दोन दिवसांत वापसा येईल, मग पाभर धरू म्हणतात, आणि माघात हुरड्याला सर्वांनी यावे असा आग्रह आहे. त्यांचा अर्ज निकालात निघाल्याबद्दल आनंद वाटतो. माझ्या अर्जाचे म्हणाल, तर ताडपत्री यंदा कापणीपूर्वीच विकत आणून, घडी घालून ओट्यावर ठेविली आहे. घडी मोडावी लागण्याची शक्यता आहे.