साग्रसंगीत अधःपात

1957 च्या 1 एप्रिल रोजी, कृषक दिनी, मुंबई राज्याने कुळांस जमिनीचे खरेदीदार मानले आणि 1971 साली 26व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे खालसा झाले. तथापि वैभवनाशाची ही सरकारी कार्यवाही किती रुक्ष आणि रसहीन होती, हे आमच्या गावच्या हौशी नाट्यमंडळाने परवा सादर केलेले, एका जहागीरदाराच्या अधःपाताचे प्रहसन पाहिल्यावरच ध्यानी आले.

जहागीरदाराची भूमिका, गुणग्राहकतेच्या न्यायाने, सर्वाधिक देणगी देणाऱ्या अध्यक्षमहोदयांस बहाल झाली होती. संहितेनुसार दुसऱ्या अंकात त्यांच्या वाड्यावर जप्ती येऊन त्यांनी फाटक्या अंगरख्यात बाहेर पडावयाचे होते. परंतु ते त्यांच्या प्रतिष्ठेस शोभणारे नसल्यामुळे तो अंगरखा गड्याच्या अंगावर चढवण्यात आला, आणि जप्तीचे वॉरंट घेऊन आलेला बेलीफ लवून मुजरा करून परतला. सर्वस्व गमावलेला नायक अखेरच्या पडद्यापर्यंत जरीच्या फेट्यात वावरला, यातील सूक्ष्म उपरोध पहिल्या रांगेत देणगीच्या उतरत्या क्रमाने बसवलेल्या मानकऱ्यांनी तत्काळ ओळखला. (पुढील खेपेस दुसरा अंकच गाळावा, अशी आमची नम्र सूचना आहे, म्हणजे ऱ्हासाचे चित्रण अधिक भेदक होईल.)

वास्तवदर्शनाची उणीव मात्र मंडळाने राहू दिली नाही. नेपथ्य उभारणाऱ्या सुताराचे बिल अद्याप थकलेले असून, त्याचे रंधे-पटाशी सावकाराकडे गहाण पडल्याचे समजते. कलेची कदर म्हणून मंडळाने त्यास पुढील प्रयोगाची सन्मानिका धाडली आहे, अर्थातच शेवटच्या रांगेची, आणि आसन स्वतः करून आणण्याच्या अटीवर.