तेरा अंड्यांचा हिशोब

भाद्रपदातल्या एका सकाळी भिंतीवरून हाक आली, "गुरजी, भाईर या. तुमच्या कुत्र्यानं माझी अंड्यावरची कोंबडी फाडली."

या वाक्यातला एकच शब्द मला तेव्हा खटकला. 'तुमच्या'.

टिप्या माझा नाही. तीन वर्षांपूर्वी तो कुठूनसा आला, आमच्या ओट्याखाली बसला आणि घरातून कुणीतरी रात्रीची उरलेली भाकर त्याच्यापुढं टाकली. खेड्यात कुत्र्याची मालकी लागायला एवढं पुरतं, सातबारा लागत नाही. पण ही मालकी मोठी लहरी. टिप्यानं रात्री चोरावर भुंकून आळी जागी केली की तो गावाचा, आणि कुणाच्या पिंडरीला तोंड लावलं की गुरजींचा. त्याला रेबीजची लस टोचून आणायची वेळ आली तेव्हा तर अख्ख्या आळीत त्याला कुणी ओळखत नव्हतं.

भिंतीपलीकडं जिजी राहते. तिची काळी कोंबडी सतरा दिवसांपासून तेरा अंड्यांवर बसली होती. एकविसाव्या दिवशी पिलं निघतात, म्हणजे चारच दिवस उरलेले. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा दाणा टिपायला उठते. ती उठली, परसात गेली, आणि पुढं काय झालं ते पाहिलं फक्त टिप्यानं. माझ्या हाती पुरावा म्हणून काळी पिसं आली, अन् जिजीच्या हाती मी.

"कोंबडीचे किती झाले?" मी विचारलं. इथंच चुकलो. किंमत विचारली की गुन्हा कबूल.

"कोंबडीचे पाचशे. अन् पिलांचे?"

"पिलं अजून निघाली कुठं, जिजी?"

"निघनारच व्हती की. तेरा. त्यातल्या सात तलंगा धरा, सहा कोंबडे. कोंबडे आखाडात जात्याल. तलंगा अंड्यावर आल्या की एकेकीखाली पुन्हा तेरा. किती झाली?"

"एक्याण्णव," मी म्हणालो. सवय वाईट. 31 वर्षं शाळेत गणित शिकवलं. आठवीच्या पोरांना चक्रवाढ व्याज समजावताना माझा घसा बसायचा. जिजी अंगठा लावते, पण व्याजावर व्याज कसं चढतं हे तिला उपजत येत होतं. एका कोंबडीचे पाचशे रुपये माझ्या डोळ्यांदेखत पन्नास हजारांच्या वर गेले, तेही दुसऱ्याच पिढीत. तिसरी पिढी सुरू व्हायच्या आत थांबवणं भाग होतं. मी वजाबाकीनं लढलो.

"दोन अंडी नासतील."

"धरा."

"दोन पिलं घार नेईल."

"न्यायाचीच ती."

"चार मुंगसाला."

"जाऊ द्या चार."

"मानमोडी आली तर?" हा मात्र मी कमरेखालचा वार केला. कागदोपत्री जिला राणीखेत म्हणतात ती ही साथ. एकदा शिरली की खुराडीच्या खुराडी मोकळी करते. नाव काढताच जिजीनं पदर तोंडाला लावला. तरी तीही निम्मी धरली.

मला जोर आला. "आणि दोन जावयाला."

जिजी ताठ झाली. "जावयाला घातलेली कोंबडी वाया गेली म्हनता का, गुरजी? ती तर जमंत धरायची."

इथं आमची बोलणी फिसकटली.

आम्ही दोघं असे आकडे चढवत-उतरवत असताना अंडी गार पडायला लागली आहेत, हे फक्त आमच्या सौभाग्यवतींच्या ध्यानात आलं. त्यांनी ती तेराच्या तेरा पदरात घेतली आणि पलीकडच्या आळीतल्या मामीकडं नेली. मामीची पांढरी कोंबडी नुकती खुडूक झाली होती आणि रिकाम्या डालग्यात बसून सगळ्यांवर फुगत होती. तिच्याखाली अंडी सारली. चार दिवसांनी नऊ पिलं निघाली, आणि एका तंट्याचे दोन झाले. कारण मामी म्हणाली, "ऊब माझ्या कोंबडीची. निम्मी माझी."

प्रकरण समितीपुढं गेलं. 15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. पाटलांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली तेव्हा गावोगाव समित्या झाल्या. पोलीस पाटील, सरपंच, चार शहाणे आणि ज्यांना कुठंच घेता येत नाही असे दोन. मी अक्षर चांगलं म्हणून शिरलो. आता मोहिमेचा तो जोर राहिलेला नाही, पण नोंदवही आहे, बप्पा आहेत आणि मारुतीचा पार आहे, तेवढ्यात समितीचं भागतं. मीच आरोपी असल्यामुळे मी वही दुसऱ्याला देऊ केली. बप्पा म्हणाले, "राहू द्या. चोराचं अक्षर चांगलं असलं म्हंजी पंचनामा चांगला व्हतो."

पहिला घोळ रकान्याचा. वहीत तंट्याचे प्रकार दिलेले असतात: दिवाणी, महसुली, फौजदारी. एक म्हणाला जीव गेलाय, फौजदारी लिहा. दुसरा म्हणाला मालमत्ता गेलीय, दिवाणी. तिसऱ्याचं म्हणणं, हे परसाच्या हद्दीत घडलं, तर आधी मोजणी आणावी लागेल. अर्ध्या तासानं कोंबडी 'इतर'मध्ये गेली. या देशात बहुतेकांचं आयुष्य त्याच रकान्यात जातं, त्यामुळे कुणाला वाईट वाटलं नाही.

जिजीचा पुतण्या पुण्याहून आला होता. त्यानं मोबाइल काढला आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 291 वाचून दाखवलं. 1 जुलै 2024 पासून लागू. पाळलेल्या जनावराबाबत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी चष्मा लावून तेच कलम पुढं वाचलं. हयगयीमुळे माणसाच्या जिवाला धोका व्हायला पाहिजे, किंवा माणसाला जबर दुखापत व्हायचा धोका. कोंबडीच्या जिवाबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही.

"मंग कोंडवाड्याचा कायदा?" बप्पांनी विचारलं.

तो मी घरून बघूनच आलो होतो. 1871 चा कायदा. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गुरं कोंडवाड्यात घालायची ती त्याच्याच आधारानं. गुरं म्हणजे कोण कोण, याची त्यात मोठी यादी आहे: हत्ती, उंट, म्हशी, घोडे, शिंगरं, खेचरं, गाढवं, डुकरं, मेंढ्या, शेळ्या, करडं. इंग्रज सरकारनं हत्तीपासून करडापर्यंत कुणाला सोडलं नाही, आणि कुत्रं अन् कोंबडी तेवढी वगळली. भारतातल्या शेजाऱ्यांची निम्मी भांडणं याच दोघांवरून होतात, हे साहेबाला कुणी सांगितलं नसावं. जिजीचा हत्ती माझ्या मेथीत शिरला असता तर न्याय पाच मिनिटांत झाला असता.

मग मी पारावर फ्रान्स आणलं. निवृत्त मास्तर दुसरं काय करणार? तिथल्या ओलेराँ बेटावर मॉरिस नावाचा कोंबडा होता. सुट्टीपुरतं बेटावर येऊन राहणाऱ्या शेजाऱ्यांनी, हा पहाटे ओरडतो, म्हणून त्याच्या मालकिणीवर फिर्याद केली. सप्टेंबर 2019 मध्ये कोर्टानं निकाल दिला: कोंबडा ओरडणारच, उलट फिर्यादींनीच मालकिणीला एक हजार युरो भरपाई द्यावी. पुढं 2021 मध्ये तिथल्या संसदेनं खेड्यातल्या आवाजांना आणि वासांना वारसा म्हणून संरक्षण देणारा कायदाच केला. गाईचा हंबर, शेणाचा वास, कोंबड्याची बांग, सगळं सरकारी छपराखाली.

पारावर शांतता पसरली. मग मागून कुणीतरी विचारलं, "जिंकला म्हनता. मंग कापला कधी?"

नाही कापला, 2020 मध्ये आजारानं गेला, असं सांगितलं तेव्हा सगळ्यांना मनापासून हळहळ वाटली. एवढा हजार युरोचा कोंबडा आणि कुणाच्या ताटात नाही.

आता नोंद करायची म्हणून मी लेखणी उघडली आणि 'कुत्र्याने कोंबडी मारली' एवढं लिहिलं. बप्पांनी माझा हात धरला. "खोडा ते. लवूळ इसरलात काय?"

लवूळ आमच्याच माजलगाव तालुक्यात. डिसेंबर 2021 मध्ये ते गाव चार दिवसांत जगाच्या नकाशावर गेलं. वानरं कुत्र्यांची पिलं उचलून छतावर, झाडावर न्यायला लागली. तिथून पडून नाहीतर उपाशी राहून पिलं मरायची. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, त्याचा हा सूड, असं लोक सांगायला लागले. नागपूरहून वनविभागाचं पथक आलं आणि दोन वानरं धरून घेऊन गेलं. पण तोवर अडीचशे कुत्री मेल्याचा आकडा परदेशी पेपरांपर्यंत पोचला होता. इंटरनेटवर वानर विरुद्ध कुत्रं अशी चित्रंच चित्रं फिरत होती, आणि ज्यांना बीड उच्चारता येत नाही ते कुणाच्या बाजूनं लढायचं हे ठरवत होते. पुढं हा आकडा फुगवलेला असल्याचं जाणकारांनी सांगितलं, पण तोवर ऐकणारी मंडळी दुसऱ्या भांडणाकडं गेली होती.

"तिथं पिलं गेली थोडी, झाली अडीचशे," बप्पा म्हणाले. "आपुन एक कोंबडी लिवली तर उंद्या च्यानलवाले येत्याल. संध्याकाळपातूर अडीच हजार व्हत्याल. अन् त्या समद्या गुरजींच्या कुत्र्याच्या नावावर."

मी खोडलं. चांगल्या अक्षरात खोडलं.

राहिली पिलं. ती सगळा वेळ पारावर डालग्याखाली चिवचिवत होती, आणि टिप्या त्याच पाराखाली सावलीत घोरत होता. इकडं अर्धलीची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. शेळी एकाची, चारापाणी दुसऱ्याचं. झालेली करडं निम्मी-निम्मी. कोंबडीलाही तेच लागू. समितीनं ऊब हाच चारा मानला. पण नवाचं निम्मं साडेचार होतं, आणि साडेचार आकड्यापाशी समिती थबकली. सगळ्यांनी पुन्हा गणिताच्या मास्तराकडं पाहिलं. मी म्हणालो, चार जिजीला, चार मामीला. नववं मरीआईला सोडा. देवीच्या कोंबड्यावर बोलायची कुणाची छाती होणार नाही, आणि आखाड यायला अजून अवकाश आहे.

मग मी खिशातून पाचशेची नोट काढली. जिजीनं ती बघितली आणि हात मागं घेतला.

"पैसं नगं. हिशोब राहू द्या."

"अगं, मिटवायलाच तर बसलोत."

"पैसं घेतलं म्हंजी मिटलंच की," जिजी म्हणाली आणि डालगं उचलून निघाली. भुर्दंड वाचला याचा मला आनंद झाला. तो घरी पोचेपर्यंत टिकला. मग लक्षात आलं की एक्याण्णव पिलं अजून माझ्या नावावर आहेत.

पुढचे दोन महिने भिंतीवरून बोलणं बंद. आमच्या मेथीत मात्र तिच्या बाकीच्या कोंबड्या रोज येऊन उकरून जायच्या. मी हुसकायचो नाही. व्याज समजायचो.

दिवाळी झाली आणि आमची आळी दरवर्षीसारखी रिकामी व्हायला लागली. मुकादमाची उचल घेतलेली, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडीकुंडी, पत्रे, बांबू, सरपण, सगळ्यात वर पोरं. जिजीचा लेक आणि सून कोयत्याला, आणि कोपीवर नातू सांभाळायला जिजी. यंदा बेळगावाकडं. निघायच्या आदल्या रात्री भिंतीवर एक डालगं आलं, मग दुसरं, मग जिजीचं डोकं.

"बाई, धा कोंबड्या हायत. पिलं धरून." हे ती माझ्याशी बोलतच नव्हती, घरातल्या माणसाला सांगत होती. "अर्धलीनं सांभाळा. पाडव्याला येते."

आमच्या सौभाग्यवतींनी आत घेतल्यासुद्धा.

मी न राहवून म्हणालो, "जिजी, आमच्याकडं कुत्रं आहे."

"म्हनूनच आनल्यात," ती म्हणाली. "कुत्रं हाय तर मुंगूस येत न्हाई."

त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी बेळगावाकडून फोन यायचा. मागं फडातला गलका, मोळ्या भरायची घाई, आणि जिजीचा एकेकीचा नावानिशी जाब. तुरेवाली अंड्यावर आली का. लंगडी दाणा खाती का. तांबडी कुठं घालती, कडब्यात का चुलीमागं. नातू आजारी आहे हे तिनं एकदा सगळ्यात शेवटी सांगितलं, फोन ठेवता ठेवता. टिप्या रात्री खुराड्यापुढं झोपायचा. त्याला कुणी सांगितलं होतं, मला ठाऊक नाही.

संक्रांतीनंतर आमचे जावई आले. अचानक आले, बुधवारी आले, आणि बाजार शुक्रवारी. यापेक्षा जास्त तपशिलात मी जात नाही.

रविवारी फोन वाजला. तुरेवाली झाली, लंगडी झाली.

"तांबडी?"

मी घसा साफ केला. "जिजी, काय सांगावं. मुंगसानं नेली."

पलीकडं बराच वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"मुंगूस कधी आलं व्हतं, गुरजी?"

"बुधवारी."

"येकलंच आलं, का लेकीला घिऊन?"

मी गप्प.

"रस्सा तिकट तर न्हाई ना लागला त्याला?" जिजीनं विचारलं. "जमंत लिवा. अन् मेथी वाळली आसल तर कोंबड्यांना टाका."