लंडनची मार्चअखेर

तीन वर्षे लंडनमध्ये राहूनही मी लंडन पाहिलेले नाही, ही गोष्ट परतीच्या आगबोटीचे तिकीट हाती पडले त्या दिवशी माझ्या ध्यानात आली. शहर काही पळून जात नाही, या भरवशावर खोली, ग्रंथालय आणि खानावळ एवढ्या त्रिस्थळी यात्रेत मी आजवर कृतकृत्य होतो. परंतु आता पळणारा मीच, आणि तोही सहा आठवड्यांच्या आत, हे उमगताच, वर्षभर दफ्तरावर डोके टेकून निजलेला तलाठी मार्च उजाडल्याबरोबर थकबाकीदारांच्या ओसरीवर जसा ठाण मांडतो, तसा मी वसुलीला बाहेर पडलो. यादी अर्थातच केली. वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. यादीवाचून आमच्या घरी कुणाला सुखसुद्धा झालेले नाही.

पहिले कलम १६६६ च्या भीषण आगीच्या स्मारकस्तंभाचे. उंची २०२ फूट, आणि ज्या भटारखान्यात आगीचा उगम झाला तिथून अंतरही तेवढेच. आत ३११ पायऱ्या. आमच्या पर्वतीच्या १०३. म्हणजे एका दमात तीन पर्वत्या, आणि वर दोन पायऱ्या दस्तुरीच्या! माथ्यावर, पूर्वी काही दुःखी जीवांनी तेथून उड्या घेतल्या म्हणून, लोखंडी पिंजरा बसवलेला आहे. त्या पिंजऱ्यात उभा राहून मी चहूकडे पसरलेले धुके यथासांग पाहिले, आणि खाली येऊन कलमापुढे 'वसूल' असा शेरा मारला.

"आज कुठे गेला होतात?" घरमालकीणबाईंनी विचारले. मी स्तंभाचे नाव सांगितले. साठ वर्षांपूर्वी याच शहरात जन्मलेल्या त्या साध्वी चहा ओतता ओतता म्हणाल्या, "अजून आहे का तो?"

पुढे टिपू सुलतानाचा लाकडी वाघ. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा गोऱ्याच्या छाताडावर बसलेला आणि पोटात वाद्य असलेला हा प्राणी लुटीत सापडला, व फिरत फिरत साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात विसावला. येथील वसुली माझ्याआधीच कुणीतरी चोख करून ठेवली होती! त्या वाघासमोर मी फार तर चार मिनिटे उभा राहिलो असेन, कारण यादीत त्याच दिवसाखाली आणखी तीन कलमे होती.

एकीकडे निरोपाची जेवणे चालू होतीच. लंडनातील मराठी घरांनी, कुठून पैदा केले देव जाणे, अळू आणि श्रीखंडसुद्धा पानात वाढले. दोन लोकरी गळपट्टे, एक चामडी पाकीट आणि सद्गदित भाषणे पदरात पडली. बोटीस चार दिवस उरले असता कंपनीचे पत्र आले, की काही अपरिहार्य कारणास्तव प्रयाण दहा दिवसांकरिता तहकूब. तेराव्याचे जेवून परतणाऱ्या मंडळींना मृत गृहस्थ पारावर पान लावीत बसलेला दिसावा, तशा नजरेने गळपट्टा देणाऱ्या स्नेह्याने भुयारी गाडीत मजकडे पाहिले. "अजून इथेच?" या प्रश्नातला तगादा मला चांगलाच परिचयाचा होता.

तेव्हापासून मी तोंड लपवून घरीच राहू लागलो. यादी पेटीत तळाशी गेली होती. ती उपसण्याची उमेद राहिली नव्हती. सकाळी स्वयंपाकघरात बसून मी बाईंबरोबर वाटाणे सोलीत असे, आणि युद्धात त्यांच्या परसातल्या कोंबड्या कशा वाचल्या ही हकीकत, दर वेळी एक कोंबडी वाढलेली, ऐकत असे.

अडचण एकच आली. खोलीतल्या गॅसच्या शेगडीला शिलिंग टाकावे लागे, आणि माझ्या प्रयाणाबरोबरच संपतील अशा बेताने मी शिलिंग मोजून ठेवले होते. तहकुबीच्या नवव्या रात्री शेगडी विझली. बाईंनी ओच्यातून काढावे तसे एप्रनच्या खिशातून एक शिलिंग काढून मला दिले. सकाळी सामान उतरवण्याच्या गडबडीत ते परत करायचे राहून गेले, हे माझ्या लक्षात आले तेव्हा टिलबरीचा धक्का दिसेनासा झाला होता.