सवलत घरी पोचली पाहिजे

पगार कमी मिळतो ही तक्रार नोकरदार माणूस उघडपणे करतो. सवलतींबद्दल मात्र तो गप्प बसतो. मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं आणि कंपनीने दिलेली वस्तू म्हणजे भेट, असं आपण धरून चालतो. मी सगळी नोकरी लेखा विभागात केली. आधी भोसरीतल्या एका कारखान्यात, नंतर हिंजवडीतल्या एका काचेच्या इमारतीत. दोन्हीकडे सवलतींचा खर्च माझ्या हातून नोंदला गेला. तो पगाराच्याच खर्चात धरला जातो, हे मी रोज पाहिलं आहे. जी वस्तू आपल्या श्रमाच्या किमतीतून येते, तिला नावं ठेवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. तो मी इथे बजावणार आहे.

बोनसचं उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी भरपूर नफा कमावला, महागाईही वाढली, आणि १९१७ पासून मालक मजुरांना पगारावर काही जादा देऊ लागले. पुढे दरवर्षी बोनस मिळण्याचा पायंडा पडला. मालकांनी तो थांबवला तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने मात्र सांगितलं की कामगारांना बोनसवर कायदेशीर हक्क सांगता येत नाही. तो हक्क कागदावर यायला १९६५ चा कायदा व्हावा लागला. आज किमान बोनस ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, एक महिना. कित्येक दशकं भांडून मिळवलेला हा एक महिना आहे. तो कोणी खुशीने हातावर ठेवलेला नाही.

आता या एका महिन्याला काय काय लावून ठेवलं आहे ते बघा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर बोनसचा हिशोब दरमहा ७,००० रुपये किंवा किमान वेतन, यांतल्या मोठ्या रकमेवर होतो. प्रत्यक्ष पगारावर होत नाही. आणि पगार दरमहा २१,००० च्या वर गेला की माणूस कायद्याबाहेर पडतो. कर्मचारी राज्य विमा योजनेची मर्यादाही २०१७ पासून २१,०००च आहे. म्हणजे शंभर-दोनशे रुपयांच्या वाढीने एखादा पोरगा ही रेघ ओलांडतो तेव्हा त्याचा बोनसचा हक्क जातो, आणि काही काळाने विमा योजनेचा दवाखानाही जातो. त्याच्या घरी आजारी आई असते आणि त्याला अभिनंदनाचा ईमेल येतो. माझ्या टेबलाशी येऊन ‘मॅडम, ही वाढ पुढच्या वर्षी द्या ना’ म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. वाढ झाली म्हणून माणसाला काळजी लागावी, ही व्यवस्था मला मान्य नाही.

कारखान्यातल्या सवलती साध्या होत्या. दर महिन्याला अंघोळीचा साबण, वर्षाला टॉवेल, फाउंड्रीतल्या माणसांना गूळ. गणवेशाचं कापड मिळे आणि शिलाईचे पैसे वेगळे. शाळा सुरू होण्याआधी मुलांच्या वह्या, दिवाळीत मिठाईचा पुडा आणि स्टीलचं भांडं, नव्या वर्षी कॅलेंडर आणि डायरी. दहावी-बारावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलांचा सत्कार होई, त्यासाठी आई-वडील दोघंही नटून येत. हिशोबात या सगळ्या किरकोळ रकमा होत्या. पण यांतली प्रत्येक गोष्ट सुट्टीच्या भोंग्यानंतर सायकलच्या कॅरिअरला लागून किंवा कंपनीच्या बसमधून घरी जात होती. साबण सगळं घर वापरे. कापडातून उरलेल्या तुकड्याची बाजाराची पिशवी होई. भांड्यावर कंपनीचं नाव आणि साल कोरलेलं असे, आणि त्यात दूध तापवणाऱ्या बाईला आपल्या नवऱ्याचं काम काय आहे हे नीट समजलं नाही, तरी ते काम घरात काय आणतं हे दिसत होतं.

यातली एकेक गोष्ट कशी गेली, ते मी नोंदवून ठेवते. साबणाच्या वडीऐवजी भिंतीवर पातळ साबणाचं यंत्र आलं. टॉवेलऐवजी गरम हवा फेकणारी पेटी आली. तिच्याखाली हात वाळत नाहीत आणि माणसं शेवटी पँटलाच हात पुसतात. डायऱ्यांचं तर सरकारनेच मनावर घेतलं. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने मंत्रालयं, सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी बँकांना कॅलेंडर, डायऱ्या आणि शुभेच्छापत्रं छापणं बंद करायला सांगितलं. पुढची वर्षं सगळ्यांनी मोबाइलवर बघावीत असं ठरलं. ज्या घरात दुधाचा हिशोब, गॅस सिलिंडर आल्याची तारीख आणि कामवाल्या बाईंचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहिले जातात, त्या घराचा विचार ठरवणाऱ्यांनी केला असेल असं मला वाटत नाही.

गणवेशाच्या कापडाबद्दल मला जास्त बोलायचं आहे. कापड आपल्या शिंप्याकडे जायचं. तो माप घ्यायचा, पोट सुटलं असेल तर दोन बोटं सोडायचा, आणि शर्ट अंगावर बसायचा. आता कॉलरचा टी-शर्ट मिळतो. त्यासाठी मापाची यादी फिरते, प्रत्येक जण आपलं माप लिहितो, आणि गठ्ठे येतात तेव्हा मधली मापं संपलेली असतात. बायकांना तर पुरुषांच्याच मापाचा टी-शर्ट मिळतो. खांदे दंडावर उतरतात. छातीवर कंपनीचं चिन्ह एवढं मोठं असतं की तो घालून लग्नाला जाता येत नाही आणि पाठीवर त्या वर्षीचं घोषवाक्य असल्यामुळे पुढच्या वर्षी ऑफिसलाही घालता येत नाही. कापड पॉलिस्टरचं, त्यामुळे फरशी पुसायला घेतला तर पाणी शोषत नाही. घरातल्या कोणत्याही कामाला न येणारं कापड देण्याला मी सवलत म्हणणार नाही.

दिवाळीच्या खोक्याचंही तेच. पूर्वीचा मिठाईचा डबा पत्र्याचा असे आणि मिठाई संपल्यावर त्यात पोहे किंवा रवा राहत असे. आता रुंद पुठ्ठ्याचा खोका मिळतो. झाकणाला चुंबक, आत मखमली कागद आणि चार खळगे. प्रत्येक खळग्याचा तळ वर उचललेला असतो. काजू मोजून घेता येतील इतके, बदाम त्याहून थोडे जास्त, आणि एका खळग्यात कोणी न मागितलेली सुकी क्रॅनबेरी. अशा खोक्यांची बिलं मी पास केली आहेत. खोका, छपाई आणि घरपोच पाठवणं यांवरचा खर्च वाचवला असता तर प्रत्येक घरी चांगल्या काजूंचा भरलेला पुडा गेला असता. खरेदी विभागाला मी हे लेखी कळवलं होतं. उत्तर आलं की खोका ‘दिसायला’ चांगला असावा लागतो. दिवाळीत खोका दिसत नाही, तो उघडला जातो.

जेवणाची बाब गंभीर आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४६ व्या कलमात २५० हून अधिक कामगार असतील तिथे कँटीन हवं, आणि ते चालवण्यात कामगारांचे प्रतिनिधी हवेत, अशी तरतूद होती. नव्या कामगार संहितेने ती मर्यादा शंभर कामगारांवर आणली. हे चांगलं झालं, आणि ते म्हटलंच पाहिजे. आमच्या कारखान्यात कँटीन कमिटीच्या सभेत पोळीच्या आकारावर तासभर वाद होत असे आणि पुढच्या आठवड्यात पोळी मोठी येत असे. काचेच्या इमारतीत कँटीनच्या जागी जेवणाची कुपनं आली. प्राप्तिकराच्या नियमांनी या कुपनांना एका जेवणामागे ५० रुपयांची करमाफी ठरवून दिली आणि ही ५० ची रेघ वर्षानुवर्षं तिथेच राहिली. तेवढ्यात पुण्यात मिसळ आणि वरचा जादा पाव होत नाही. मग कागदी कुपनाचं कार्ड झालं आणि कार्डाचं अ‍ॅप झालं. कागदी कुपनं सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन हॉटेलात गेलं तरी चालत. अ‍ॅपमधली शिल्लक मुदत संपली की जाते. पोळी लहान आली तर कोणाला सांगायचं, हे त्या अ‍ॅपमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

प्रवास सवलतीने माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला. आयकराचं वर्ष एप्रिल ते मार्च, आणि या सवलतीचा चार वर्षांचा गट जानेवारी ते डिसेंबर. उदाहरणार्थ २०२२ ते २०२५. त्यात दोन प्रवास. फक्त भाडं मिळणार, राहण्या-जेवणाचं नाही. रजा घेऊनच जायला हवं. मुलांना सुट्टी असते तेव्हा साहेब रजा मंजूर करत नाहीत, हा भाग नियमात लिहिलेला नाही, पण तो सगळ्यांत कडक पाळला जातो. आणि आपली बहुतेक माणसं सुट्टीत जातात कुठे? गावी. चिपळूणला, कराडला, बार्शीला, एसटीने. चार तिकिटांची रक्कम होते ती किती? विमानाने काश्मीरला जाणाऱ्याला सगळी रक्कम करमुक्त मिळते आणि म्हाताऱ्या आईला भेटायला एसटीने जाणाऱ्याच्या उरलेल्या रकमेवर कर कापला जातो. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली, त्यांच्यासाठी ही सवलतच नाही. मुलांच्या शिक्षण भत्त्याचंही तेच. वर्षानुवर्षं दर मुलामागे महिना १०० रुपये, दोन मुलांपर्यंत, एवढीच करमाफी होती. त्यात रिक्षावाल्या काकांचा आठवडाही भागत नव्हता.

एक गोष्ट मात्र नीट झाली. २०१८ च्या अर्थसंकल्पाने १५,००० रुपयांपर्यंतची औषधबिलांची परतफेड आणि महिना १,६०० रुपयांचा वाहतूक भत्ता यांवरची करमाफी काढून त्याजागी ४०,००० रुपयांची सरसकट वजावट दिली. त्याआधी मार्चमध्ये माझ्या टेबलावर औषधांच्या दुकानांच्या पावत्यांचा ढीग असायचा, आणि पावती फिकट झाली म्हणून पैसे अडलेल्या माणसांची रांग असायची. ती रांग एका निर्णयाने संपली. न मागता मिळणारी सवलत कशी असते, हे त्यातून सगळ्यांना दिसलं. हाच नियम बाकीच्यांना का लावत नाहीत, हे मला कोणी समजावून सांगावं.

आता नव्या सवलती. शाबासकीचे पॉइंट मिळतात आणि ते अ‍ॅपवरच्या दुकानात वापरायचे असतात. हवी असलेली वस्तू आपल्या पॉइंटांच्या थोडीशी पलीकडे असते आणि उरलेले पैसे खिशातून भरायची सोय नसते. ३१ मार्चला पॉइंट जातात. ताणमुक्तीवर वेबिनार होतो, तोही जेवणाच्या सुट्टीत, आणि त्याला हजेरी असते. ताण कमी करायचा असेल तर माणसाला सहाला घरी सोडावं, एवढंच मी प्रत्येक अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहिलं. कोपऱ्यात टेबल टेनिसचं टेबल आहे. साहेबाच्या केबिनसमोर दुपारी ते कोणी खेळत नाही आणि संध्याकाळी ते माणसांना पकडून ठेवण्याचं साधन होतं. पाळणाघराचा नियम २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला लागू केला आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा दिली. आमच्या इमारतीने पाळणाघर ‘जोडून’ घेतलं ते कित्येक चौक पलीकडे, वाहतूक कोंडीत. चार फेऱ्या कागदावर आहेत. एकही फेरी मारता येत नाही म्हणून माझ्या शेजारच्या मुलीने बाळ सासरी सातारला ठेवलं.

या सगळ्या नव्या सवलतींमध्ये एक साम्य आहे: त्या ऑफिसच्या दाराबाहेर पडत नाहीत. टेबल टेनिस, यंत्रातला चहा, गाद्यांच्या खुर्च्या, पॉइंट, वेबिनार. त्या मिळवायला वेळ द्यावा लागतो आणि तो वेळ घरचाच जातो. म्हणून माझं मागणीपत्र इथे देते.

एक: कोणतीही सवलत बिल, फॉर्म आणि अ‍ॅपशिवाय मिळावी.

दोन: दिवाळीला खोका नको, जे द्यायचं ते वजनावर द्यावं आणि टिकणाऱ्या डब्यात द्यावं.

तीन: टी-शर्ट बंद करून कापड आणि शिलाई द्यावी.

चार: जूनमध्ये मुलांच्या वह्या आणि जानेवारीत भिंतीवर लावायचं कॅलेंडर पुन्हा सुरू व्हावं.

पाच: पाळणाघर इमारतीतच असावं आणि शेवटची आई निघेपर्यंत उघडं असावं.

सहा: बोनस आणि विम्याच्या मर्यादा पगारवाढीबरोबर आपोआप सरकाव्यात.

सहावी मागणी सरकारकडे आहे. पहिल्या पाचांचा खर्च मी काढला आहे. पॉइंटांचं अ‍ॅप, वेबिनारच्या वक्त्यांचं मानधन आणि खोक्यांची छपाई या तीन खात्यांतून त्याचा मोठा भाग निघतो, आणि उरलेला व्यवस्थापनाने सोसावा. आकडे मांडून दाखवायला मी केव्हाही तयार आहे.