संगीत प्रतिनिधी, ताथवडे

भूमकर चौकात सिग्नलला मागच्या टँकरचा भोंगा काळी चारमध्ये वाजतोय, असं कुणी सांगू लागलं तर ते आमचे काका समजावेत. काकू त्यांना ‘आमचे समीक्षक’ म्हणतात, पण ते भांडणातच.

काकांची उभी हयात चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला गेली. फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये कानात भीमसेन, सेकंडला किशोरीताई. सवाई गंधर्वची डिसेंबरातली रजा ते जानेवारीतच टाकून ठेवत. 2018 मध्ये महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला गेला, तेव्हा माहेर मोडल्यासारखा माणूस चार दिवस धड जेवला नाही. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एका स्थानिक दैनिकात रुजू झाले. ‘तुम्हाला यातलं काय कळतं?’ या काकूंच्या प्रश्नाला उत्तर तयार होतं. ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे चार्टर्ड अकाउंटंट होते. केशवराव भोळे निघाले होते डॉक्टर व्हायला, आणि ‘एकलव्य’ नावानं गाण्यावर लिहू लागले. मग क्वालिटीवाल्यानंच काय घोडं मारलंय?

पहिली समीक्षा अशी होती : ‘कोमल गंधार टॉलरन्सच्या बाहेर. तानांचं फिनिशिंग उत्तम. तबल्याला रीवर्क आवश्यक.’ संपादकांनी ती कापून ‘रंगतदार मैफल’ एवढंच ठेवलं. (माझ्या मते मराठीतल्या अर्ध्या संगीतसमीक्षेपेक्षा मूळ मजकुरातून जास्त कळत होतं.)

खरी पंचाईत वेळेची. पान साडेनऊला सुटणार, आणि चिंचवडच्या मोरे प्रेक्षागृहात साडेआठपर्यंत नुसते सत्कार. त्यामुळे गायक अजून विलंबितात असताना काकांच्या बातमीत द्रुत बंदिशीनं टाळ्या घेतलेल्या असत. एकदा गायकाचा घसा बसला, द्रुत झालीच नाही. छापून मात्र आली. दुसऱ्या दिवशी गायकानं फोन करून आभार मानले! त्या फोनपाठोपाठ संपादकांचा : ‘दीपप्रज्वलनातलं तिसरं नाव राहिलं हो. साहेब चिडलेत.’ काकांना ते नाव आठवेना. समया उजळताना ते डोळे मिटून तानपुरा जुळतोय का ते ऐकत होते.

मानधनात चिंचवडला जाण्यायेण्याचं पेट्रोल सुटे. तेवढ्यात माणूस कमी पडला म्हणून पाणीपुरवठ्याच्या बातम्याही काकांच्या गळ्यात आल्या. कोरड्या टाकीची बातमी आणायला गेले, पंपाला कान लावून उभे राहिले आणि लिहून आले : ‘मोटरीचा षड्ज ढळला आहे, बेअरिंगची अखेरची घरघर स्पष्ट ऐकू येते.’ मजकूर जसाच्या तसा छापला गेला. मोटर उघडली तर बेअरिंग खरंच गेलेलं. अख्खं ताथवडे काकांना ओळखू लागलं.

आता पाणी कायमचं काकांकडे आहे. गाण्याला जाहिरात विभागातला एक मुलगा जातो. दीपप्रज्वलनाची नावं तो पदांसकट बिनचूक आणतो.