नाझरसाहेबांचे आइसलँड

नाझरसाहेब यंदाही आइसलँडला निघाले आहेत, हे वर्तमान मलकापुरात आता कोणी कोणाला सांगत नाही. नळगंगेला पूर आल्याची वार्ता त्याहून अधिक औत्सुक्याने ऐकली जाते. असे गृहस्थ आपल्याही गल्लीत असतात, सबब परिचयात कागद दवडण्याचे प्रयोजन नाही. तहसील कचेरीतून निवृत्त होताना ज्याच्या हातून सरकारी दप्तर सुटले, पण दप्तराची खोड सुटली नाही, त्याने उर्वरित आयुष्यासाठी ६४ अंश उत्तर अक्षांशावरचे एक बेट आपल्या अमलाखाली घ्यावे, यात नवल ते काय?

बेटाची फाईल लाल फितीत बांधलेली असते आणि तिच्यासमोर कोणीही काहीही बोलले, तरी साहेबांच्या मुखातून एकच उद्गार निघतो, ‘नत्थी करतो.’ २०१० साली तिकडच्या ज्वालामुखीच्या राखेने निम्म्या युरोपची विमाने जमिनीवर बसवली होती, असे मी एकदा सहज बोललो. पुढच्या खेपेस माझे ते वाक्य ‘तोंडी जबाब’ या मथळ्याखाली फायलीस नत्थी झालेले आढळले, आणि खाली माझ्या सहीपुरती जागा कोरी ठेवलेली होती. कापसाच्या भावाची कात्रणे नत्थी, कारण प्रवासखर्च शेतीतून निघायचा आहे. वाण्याच्या उधारीची चिठ्ठीसुद्धा एकदा अनवधानाने नत्थी झाली. आणि नत्थी झालेला कागद काढता येत नसल्यामुळे, वाणी वसुलीस आला तेव्हा ‘नक्कल हवी असल्यास रीतसर अर्ज करावा’ असे त्याला बजावण्यात आले.

त्या देशात रेल्वेच नाही, हा शोध लागला तो दिवस मात्र शोकाचा होता. भुसावळ आणि अकोला या दोन टोकांच्या मध्ये ज्याचे आयुष्य गाड्यांच्या वेळांवर गेले, त्याला जंक्शन नसलेला देश ही कल्पनाच असह्य. पुढे १९७४ साली पुरा झालेला, सारे बेट वेढणारा सुमारे १३०० किलोमीटरचा रस्ता हाती लागला, आणि त्यावर चहाचे मुक्काम आखण्यात एक पावसाळा सुखाने सरला. तिथली आल्थिंग नावाची लोकसभा इ. स. ९३० पासूनची, याचे त्यांना कौतुक आहे. पण आरंभीच्या काळात कायदे लिहिलेले नसत, एक अधिकारी ते तोंडपाठ म्हणून दाखवी, हे कळल्यावर त्यांच्या कपाळावर आठी चढली. दप्तराविना राज्य! असल्या मुलखात आपला निभाव कसा लागावा?

खरा पेच महिन्याचा. जूनमध्ये जावे तर रात्रच होत नाही, म्हणून आकाशातले उत्तरेचे प्रकाश दिसत नाहीत. हिवाळ्यात जावे तर ते दिसतात, पण रस्ते बर्फाने अडतात. मधला मार्ग सप्टेंबरचा; परंतु तेव्हा गणपती, गौरी आणि त्यामागून पितृपक्ष. राहता राहिला मार्च. त्यावर, निवृत्तीला एक तप लोटल्यानंतरही, ‘मार्चअखेर कोणी मुख्यालय सोडते काय?’ असा त्यांचा बिनतोड सवाल असतो. अखेर जून ठरला, तो प्रदोषावर अडला. उपास सूर्यास्तानंतर सोडायचा. आणि रेक्याविकला ऐन जूनमध्ये सूर्य मध्यरात्र उलटल्यावर मावळतो नि तीनच्या आत उगवतो. मग उपास सोडून पानावरून उठावे, तोच न्याहारीची वेळ! शास्त्रीबुवांचा अभिप्राय मागवला. तो आला. नत्थी झाला.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिन्यांहून आधी घेत नाहीत आणि १५ दिवसांहून उशिराही घेत नाहीत, हा नियम त्यांना फार आवडतो. या दोन मर्यादांच्या दरम्यान साहेब कधी सापडलेच नाहीत. वहिनी हे सारे पोळ्या लाटता लाटता ऐकतात. त्यांचे माहेर मेहकरचे. ‘लोनार तं पाहा आधी,’ त्या म्हणतात, ‘आपल्याच जिल्ह्यात हाय. तोही काळाच दगड, अन् पानीही हाय.’ वहिनींचे भूगर्भशास्त्र अचूक आहे. लोणारचे विवर आणि आइसलँडचे पठार, दोन्ही बेसाल्टचीच. पण साहेबांचे उत्तर ठरलेले, ‘ते प्रकरण वेगळे. स्वतंत्र फाईल काढावी लागेल.’

या गृहस्थाची थट्टा करताना एक गोष्ट मी आजवर लपवीत आलो. मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो, वीज जाते, कूलर तोंड मिटून बसतो, आणि ज्यांना बुलढाण्याच्या थंड हवेपर्यंत जाणेही परवडत नाही असे आम्ही शेजारीपाजारी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जमतो. तेव्हा ते फाईल सोडतात आणि वाचू लागतात: जुलैतही तिथे १२ अंशांच्या आसपासच हवा, अमुक हिमनदी, तमुक धबधब्याचे तुषार, दुपारी अंगात लोकरीचा सदरा. एरवी वटवट वाटणारा तो आवाज ऐकताना जिनिंगमधून थकून आलेला हमालही गमछा खांद्यावर टाकून स्वस्थ बसतो, आणि कोणी उठू लागले तर त्याला ‘थांब ना बे, हिमनदी बाकी हाय’ म्हणून खाली बसवतो. मीही बसतो. माझा त्या कोऱ्या जागेवर सही करण्याचा विचार आहे.

गेल्या वर्षी त्यांचा पुण्याचा भाचा, फायलीची छायाप्रत घेऊन, खरोखरच आइसलँडला जाऊन आला. ओट्यावर सभा भरली. त्याने छायाचित्रे दाखवली, बर्फावर चाललो म्हणाला, स्ट्रोक्कुर नावाचे उकळते कारंजे डोळ्यांसमोर उसळताना पाहिले म्हणाला. साहेबांनी चष्मा सारखा केला, पान उलटले आणि विचारले, ‘दर किती मिनिटांनी?’

‘मामा, ते काही मोजलं नाही.’

साहेबांची सारी कचेरीची भाषा त्या क्षणी गळून पडली.

‘मंग येवढ्या दूर जाऊन केलं काय बाप्पा तू?’