भरवशाच्या पिस्तुलाला टोणगा

मी पिस्तूल बाळगत नाही, पिस्तुलाबद्दलची मतं बाळगतो. टेक्सासात मतांना परवाना कधीच लागत नव्हता. १ सप्टेंबर २०२१ पासून एकविशी ओलांडलेल्या आणि कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला कमरेला पिस्तूल लावून हिंडायलाही तो लागत नाही. म्हणजे माझी आणि शेजाऱ्याची पात्रता आता सारखीच. फरक एवढाच, की त्याच्या कमरेला काहीतरी असतं आणि माझ्या कमरेला नुसता घेर. पण शर्टाखाली लपवून बाळगायला छोटं आणि भरवशाचं पिस्तूल कोणतं, हा विषय निघाला की ज्या आत्मविश्वासाने मी एकेकाळी सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह सुधारत असे, त्याच आत्मविश्वासाने ग्लॉक आणि सिगची तुलना करायला बसतो. एच-वन व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायदा एरवी बंदूक बाळगू देत नाही, पण त्याच्यापाशी शिकारीचा वैध परवाना असेल तर देतो. हे कलम तर मी असं सांगतो, की जणू त्याचा मसुदा माझ्याच हातचा. कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य असलेला आपला एखादा इंजिनियर हरणं मारण्याचा परवाना खिशात घालून पिस्तुलाच्या काउंटरवर उभा आहे, या चित्राचा मला कधी कंटाळा येत नाही. असो. माझं म्हणणं थोडक्यात असं, की भरवशाचा प्रश्न आपण चुकीच्या पक्षाला विचारतो. पिस्तूल भरवशाचं आहे की नाही याचा निकाल केव्हाच लागलाय. कंबर कुणाची आहे, ते बघायचं राहून गेलंय.

निकाल लागलाय तो असा. गॅस्टन ग्लॉक नावाचा ऑस्ट्रियन गृहस्थ पडद्यांचे रॉड आणि सुऱ्या बनवायचा. त्याने आयुष्यात पहिल्यांदा बनवलेलं पिस्तूल १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने उचललं. १९८८ मध्ये त्याची जरा आखूड आवृत्ती आली, ग्लॉक १९, मॅगझिनमध्ये पंधरा गोळ्या. मग २०१८ मध्ये सिग सावरचं पी-३६५ आलं. लांबी जेमतेम पंधरा सेंटिमीटर, रिकामं वजन अर्धा किलो, तरी मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस अंगावर बाळगा, असा नावातच आग्रह. या दोहोंतलं कोणतंही घ्या, तुमच्या गाडीच्या बॅटरीपेक्षा भरवशाचं निघेल. पिस्तूल जितकं लहान तितकं अडकण्याची शक्यता जास्त, हे खरं आहे, आणि त्याचं कारणही साधं आहे. गोळी सुटली की वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येता येता पुढचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. लहान पिस्तुलात हे सगळं कमी जागेत आणि ताठ स्प्रिंगवर उरकायचं असतं, चुकायला वावच नसतो. त्यात धरणाऱ्याचं मनगट ढिलं असेल तर धक्क्यासरशी सगळं पिस्तूलच मागे जातं, स्लाइडला पुरता प्रवास मिळत नाही आणि पुंगळी बाहेर पडायच्या फटीतच धुराड्यासारखी उभी अडकून बसते. म्हणजे यंत्राचा दोष शोधत गेलं तरी शेवटी सापडतं ते मनगटच. आणि माझं मनगट लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना काय करतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तरी माणसं महिनोन्महिने पिस्तूलच निवडत बसतात. याचं कारण सुरक्षितता नाही, मिरवणं आहे असा माझा संशय आहे, आणि मिरवण्याच्या बाबतीत माझा संशय सहसा खरा ठरतो, कारण तो स्वानुभवावर उभा असतो. पंचाईत अशी की ही वस्तू मिरवता येत नाही. पाच-सहाशे डॉलर मोजून घेतलेली वस्तू कुणाला दाखवायची नाही, हे आपल्या रक्तातच नाही. नवी गाडी घेतली तर हार घालून फोटो, फ्रीज घेतला तर शेजारणीला थंड पाणी. इथे मात्र शर्टावरून पिस्तुलाचा आकार जरासा उमटला तरी जाणकार ‘प्रिंटिंग’ होतंय म्हणून नाक मुरडतात. खंडेनवमीचा एक दिवस सोडला तर बाकी सगळं वर्षभर कमरेवर जपलेलं गुपित. मग मिरवायचं कुठे? तर निवडीत. कोणतं घेतलं यापेक्षा ते का घेतलं, यावर दीड तास बोलता यावं, यासाठी.

या मिरवण्याचा मूळपुरुष जेम्स बाँड, आणि त्याच्यावर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण हा किस्सा सांगायची संधी मी सोडत नाही. पहिल्या काही कादंबऱ्यांत इयान फ्लेमिंगने बाँडच्या बगलेत पॉइंट २५ बोअरचं इटुकलं बेरेटा ठेवलं होतं. १९५६ मध्ये ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड नावाच्या बंदूकवेड्या वाचकाने लेखकाला पत्र टाकलं: असलं बाईमाणसाचं पिस्तूल तुमच्या नायकाला शोभत नाही, आणि ते ठेवायला दिलेली पिशवीही कुचकामी. त्याची शिफारस होती स्मिथ अँड वेसनच्या सेंटेनियल एअरवेट या आखूड रिव्हॉल्व्हरची आणि ते ठेवायला बर्न्स-मार्टिन होल्स्टरची. फ्लेमिंग इतका खूश झाला की १९५८ च्या ‘डॉक्टर नो’मध्ये त्याने शस्त्रागाराच्या प्रमुखाचं नावच मेजर बूथरॉइड ठेवलं. त्या मेजरने बाँडचं बेरेटा काढून घेतलं आणि हातात दिलं वॉल्थर पीपीके. रिव्हॉल्व्हरही दिलं, पण ते लांबच्या कामासाठी. आता गंमत बघा. बर्न्स-मार्टिन होल्स्टर रिव्हॉल्व्हरसाठीच बनवलेलं, आणि फ्लेमिंगने त्यात घातलं वॉल्थर. खऱ्या बूथरॉइडने पुढे ती चूक दाखवलीही, पण तोवर छापून झालं होतं. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध लपवून पिस्तूल बाळगणारा माणूस असल्या होल्स्टरमध्ये ते बाळगत होता, की ज्यात ते बसतच नाही. त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. सूट चांगला शिवलेला होता. १९३१ पासून बाजारात असलेल्या पीपीकेला त्यानंतर जी प्रतिष्ठा लाभली ती चाचणीतून नव्हे, शिंप्याकडून आली, असं माझं ठाम मत आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मलाही पीपीकेच आवडतं. का, ते विचारू नका. माझ्याकडे तसा सूटही नाही.

पण पीपीकेची खरी परीक्षा कादंबरीबाहेर झाली. २० मार्च १९७४ च्या संध्याकाळी लंडनच्या ‘द मॉल’वर एका माणसाने राजकन्या ॲन यांची मोटार अडवली आणि त्यांना पळवून नेण्यासाठी गोळ्या झाडायला सुरुवात केली. त्यांचा अंगरक्षक इन्स्पेक्टर जेम्स बीटन खाली उतरला तोच त्याच्या खांद्याला गोळी लागली. त्याने आपल्या वॉल्थर पीपीकेतून एक गोळी झाडली, ती हुकली. दुसऱ्या वेळी पिस्तूल अडकलं. भरवशाच्या म्हशीला टोणगा. इथवर हसायला हरकत नाही, पुढे मात्र हसू येत नाही. बीटनने निकामी पिस्तूल टाकून दिलं, गाडीत शिरून तो राजकन्येच्या आणि हल्लेखोराच्या पिस्तुलाच्या मध्ये आला, गोळी अडवायला त्याने हात पुढे केला. हातात गोळी गेली. मग पोटात गेली. वाटेने जाणाऱ्या एका माजी मुष्टियोद्ध्याने हल्लेखोराला ठोसा लगावून राजकन्येला बाजूला नेलं, आणि पळणाऱ्या हल्लेखोराला शेवटी पोलिसांनी पकडलं. बीटन वाचला, त्याला जॉर्ज क्रॉस मिळाला. त्या रस्त्यावर भरवशाचं काय होतं याची यादी करायची म्हटली, तर एक ठोसा आणि एक माणूस. पिस्तूल त्या यादीत येत नाही.

तर माणूस भरवशाचा असला पाहिजे, एवढं ठरलं. आता आपली, म्हणजे सरसकट माणसांची, स्थिती बघू. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स या फुटबॉल संघाच्या प्लॅक्सिको बरेसने शेवटचा निर्णायक झेल घेऊन सुपर बाउल जिंकून दिला. त्या घटकेला अख्ख्या अमेरिकेत त्याच्या हातांइतके भरवशाचे हात नव्हते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मॅनहॅटनच्या एका क्लबमध्ये इलॅस्टिकच्या पँटीत खोसलेलं त्याचं ग्लॉक घसरलं आणि गोळी स्वतःच्याच मांडीत गेली. बाळगायचा परवाना नव्हता, दोन वर्षांची शिक्षा झाली. पिस्तूल अगदी नियमाप्रमाणे चाललं. बिघडलं ते इलॅस्टिक. दुसरा पुरावा विमानतळांचा. २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यांतल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या. अटलांटा पहिलं, आमचं डॅलस-फोर्टवर्थ दुसरं. अधिकाऱ्यांना सर्वांत जास्त ऐकायला मिळणारं उत्तर म्हणजे, विसरलो. छत्री विसरतात तशी नव्हे. छत्री आपण मागे विसरतो, ही माणसं पिस्तूल सोबत असल्याचं विसरली. जिवावर बेतल्यावर दीड सेकंदात जे आठवायचं, ते रांगेत बूट काढेपर्यंत आठवलं नाही.

यावर सरावाचा मुद्दा येतो, आणि तो रास्त आहे. पण सराव तरी किती? रँड कॉर्पोरेशनने न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ मधल्या गोळीबारांचा हिशेब मांडला. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या अठरा लागल्या, येत नसताना तीस. ज्यांचा हाच पोटापाण्याचा धंदा त्यांची ही गत, मग शनिवारी सकाळी शूटिंग रेंजवर जाऊन दुपारी बिर्याणी खायला परतणाऱ्याकडून काय अपेक्षा करायची? उरलेल्या ब्याऐंशी गोळ्या कुठे गेल्या, हा प्रश्न माझ्यासारख्या बघ्याला अधिक जवळचा वाटतो.

याहून चतुर आक्षेप अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांचा. कोणाकडे पिस्तूल आहे ते दिसतच नाही म्हणून गुंड सगळ्यांनाच बिचकतो, त्यामुळे गुन्हे घटतात, असा त्यांच्या १९९८ च्या पुस्तकाचा मथितार्थ. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने हा सगळा पुरावा तपासला आणि लपवून पिस्तूल बाळगू देणाऱ्या कायद्यांनी गुन्हे घटतात असंही म्हणता येत नाही, वाढतात असंही म्हणता येत नाही, असा निष्कर्ष काढला. पण लॉटसाहेबांचं खरं धरून चाललं तर माझीच सोय होते. गुंड जर मला केवळ संशयावरून घाबरणार असेल, तर संशय पुरे आहे, पिस्तूल कशाला? शेजाऱ्याने घ्यावं, त्याने सराव करावा, त्याने पट्टा आवळून पोटावर वळ उठवून घ्यावेत, आणि मी शर्ट बाहेर सोडून त्याच्या पुण्याईवर हिंडावं. शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रावर वाढलेल्या माणसाला हे तत्त्व कुणी शिकवायला नको.

एक आकडा मात्र असा आहे की त्याच्यापाशी माझी वाचाळता थांबते. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. ज्या परक्यासाठी पिस्तूल आणलं तो यायचा तेव्हा येईल, बहुधा येणारही नाही. पण वाईट रात्र प्रत्येक घरात येते. लेऑफची मेल आलेला आणि व्हिसाचे दिवस मोजत बसलेला बाप, अचानक गप्प गप्प झालेली अकरावीतली मुलगी, भाषा न कळणाऱ्या गावात खिडकीशी बसून राहिलेले आजोबा: यांच्यापैकी कुणालाही त्या रात्री घरातली वस्तू भरवशाची नको असते. ती रात्र टळली तर पुढे माणूस बहुतेक जगतो. कुलूप लावून ठेवा, असं सांगतात, आणि ते बरोबरच सांगतात. पण कमरेला लावायची वस्तू हाताशी हवी म्हणूनच तर आणली जाते, आणि जी एकाच्या हाताशी असते ती सगळ्यांच्याच हाताशी असते. पिस्तुलाच्या गुणदोषांची चर्चा रंगात आली की हा मुद्दा कुणी काढत नाही याची मला चीड येते. मी स्वतःही काढत नाही, पीपीकेचा किस्सा सांगतो.

रात्रपाळीला गॅस स्टेशनच्या काउंटरवर एकट्याने बसणाऱ्याने, किंवा कोर्टाचा मनाईहुकूम मिळूनही जिचा नवरा दाराशी येऊन उभा राहतो त्या बाईने पिस्तूल घेतलं तर त्यांना आकडेवारी ऐकवायला मी धजणार नाही. त्यांना धोक्याचा चेहरा माहीत आहे, आणि तो ओळखीचा आहे. माझा धोका म्हणजे गुरुवारच्या रात्री बघितलेली मालिका.

समजा, सगळं पटवून घेऊनही एखाद्याने छोटं, भरवशाचं पिस्तूल घेतलंच. न्यायचं कुठे? टेक्सासच्या कायद्याप्रमाणे शाळेत चालत नाही, म्हणजे शाळेच्या सभागृहात भरणारा मंडळाचा गणपती गेला. कोर्टात नाही, मतदान केंद्रावर नाही, व्यावसायिक खेळांच्या सामन्याला नाही, विमानतळावर तपासणीच्या पलीकडे नाही. ज्याचं ५१ टक्के उत्पन्न दारूविक्रीतून येतं अशा बारमध्ये नाही. शिवाय कोणत्याही दुकानदाराला लपवलेल्या पिस्तुलाला मनाई करणारी, दंडसंहितेच्या ३०.०६ कलमाची पाटी लावता येते. तिचा मजकूर कायद्यानेच ठरवून दिलेला, तोही इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, अक्षरं किमान एक इंच उंच, रंग ठसठशीत. पाटीच्या बाबतीत सदाशिव पेठेलाही मान खाली घालायला लावील असं हे एकमेव राज्य. अशी पाटी दिसली की कायदा पाळणारा सज्जन माणूस निमूटपणे मागे वळतो, पिस्तूल गाडीच्या कप्प्यात केचपच्या पुड्यांशेजारी ठेवतो आणि आत जातो. गणपती, सामना, बार, दुकान, सगळीकडे तेच. आणि गाडीच्या कप्प्यातच ठेवायचं, तर मग ते छोटं कशाला हवं?